थंडीचे आकडे, तापाचे आकडे

हॉर्नसी,
मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१३

प्रिय गिलियन,

तुला, स्टुअर्टला आणि आमच्या बेथला खूप खूप प्रेम. तिघंही खुशाल असाल अशी आशा करते. इकडे आमचं बरं चाललंय. पाकीट बघून दचकली असशील, हे मला इथं बसून दिसतंय. "फोन असताना मम्मीला पत्राची हुक्की कुठून आली?" असं स्टुअर्टला म्हणालीसुद्धा असशील. त्याचं कारण आहे. सांगते, पण सावकाश सांगते. मला घाई करू नकोस.

इथं थंडीने नुसता कहर मांडलाय. काल रात्री उणे पाच होतं. समुद्रावरून वारा असा येतो की कचऱ्याचा डबा फाटकापर्यंत न्यायचा तरी जिवावर येतं. पलीकडच्या ऑड्रीच्या माळ्यावरची पाण्याची नळी फुटली आणि छताचं प्लास्टर तिच्या पलंगावर आलं. बरं तर बरं, बाई तेव्हा खाली टीव्ही बघत होती. प्लंबर म्हणाला, गुरुवारी येतो. कुठल्या गुरुवारी ते काही बोलला नाही.

आज पॅनकेकचा मंगळवार. यंदा मी केले नाहीत. तुझ्या डॅडला लिंबू आणि साखर लागते हे तुला ठाऊक आहेच. मागे एकदा मी त्यावर सिरप ओतलं, तर माणसाने असं तोंड केलं जसं काही मी त्याच्या ताटात रंगच ओतलाय. आत्ता तो माझ्या शेजारीच झोपलाय. मी मांडीवर मासिक ठेवून त्यावर कागद धरून लिहितेय, म्हणून अक्षर असं डगमगतंय.

माझा गुडघा तोच आहे. मांजर तेच आहे. ऑड्रीची बहीण स्पेनला जाऊन आली आणि तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही. संपल्या माझ्याकडच्या बातम्या.

आता कामाचं.

गिलियन, ऑक्टोबरपासून तू डॅडशी बोलली नाहीस. ख्रिसमसला तुझा फोन आला तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात हातात ओली बशी घेऊन उभा होता. तू म्हणालीस, "डॅडला सांग मेरी ख्रिसमस." मी फोन पुढे केला, म्हटलं, तूच सांग की. तर तू म्हणालीस की ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय, ठेवते. मी सांगितलं त्याला. "हं," म्हणाला आणि ती एकच बशी पुसत राहिला. मग मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी एकदाही धड बोललो नाही. मी विषय काढला की तू "मम्मी, प्लीज" म्हणतेस, आणि मी घाबरट बाई गप्प बसते. कागदाला "मम्मी, प्लीज" म्हणता येत नाही. म्हणून हे पत्र. म्हणजे, एक कारण हे. दुसरं पुढे येईल.

तू त्या दिवसाचं शेवटचं टोक पाहिलंस. आधीचं काय झालं ते मलाही त्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी काढावं लागलं, तेही नोव्हेंबर उलटल्यावर. दातांच्या डॉक्टरला दात काढायला सोपं जात असेल. तर ऐक.

तुम्ही दोघं स्टुअर्टच्या चुलतभावाच्या लग्नाला गेलात आणि बेथला आमच्याकडे सोडलंत. शनिवारी सकाळी तिचं नाक वाहत होतं. तू फोनवर डॅडला म्हणालीस, "ताप जास्त झाला तर गुलाबी औषध पाज आणि मला कळव. ताप बघायचं यंत्र बॅगेत आहे." तो म्हणाला, "बरं बरं, तू नाच मनसोक्त." किती म्हणजे जास्त, ते तू सांगितलं नाहीस आणि त्याने विचारलं नाही. तुला वाटलं, हे काय सांगायचं? त्याला वाटलं, हे कसं विचारायचं? आपल्या घराण्याची खोडच आहे ती. विचारण्यापेक्षा मान डोलावलेली बरी.

दुपारी मी चॅपेलच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला गेले. बेथ सोफ्यावर झोपली होती. चारच्या सुमारास ती कुडकुडत उठली. त्याने हात धरला तर बर्फासारखा. ओठ निळसर. दात वाजत होते तिचे. "ग्रँडॅड, मला थंडी वाजतेय," म्हणाली. त्याने तुझं ते यंत्र तिच्या कानात घातलं. आकडा आला एकोणचाळीस.

आता तू म्हणशील, एकोणचाळीस म्हणजे ताप, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला कळतं गं. पण तुझ्या डॅडने उभा जन्म हल बंदराच्या गोदीवर मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढला. तिथल्या काट्यावर उणे अठ्ठावीस असायचं, आणि सरकारने मापं बदलल्यावर त्या काट्यावर सेल्सिअस आलं. त्याच्यासाठी सेल्सिअस म्हणजे थंडीच. फ्रीज, बर्फ, काळोख्या सकाळी रस्त्यावरचं धुकं. उन्हाळा आला की तोच माणूस जुन्या फॅरनहाइटात म्हणणार, "आज ऐंशी होणार, डोरीन, टोपी काढ." आणि ताप म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या वर. काचेच्या नळीवर लाल बाण असायचा ना, तिथून पुढे. ती नळी तूच फेकून दिलीस, पारा विषारी असतो म्हणून. बरोबरच केलंस. पण बाणही गेला तिच्याबरोबर.

मी त्याला विचारलं होतं, "अरे पण क्लिफ, सेल्सिअस आहे हे तरी कळलं ना तुला?"

"कळलं की. म्हणून तर. थंडीचं माप दिसलं आणि पुढचा हिशेबच सुचला नाही. एकोणचाळीस, डोरीन! अठ्ठ्याण्णव पाहिजेत तिथं एकोणचाळीस. आणि पोरगी थरथरतेय. मला वाटलं, ही गारठून चाललीय."

"सेल्सिअसात ताप किती असतो ते माहीत नाही तुला?"

"कोण सांगणार मला? त्या मापाने मी कॉड मोजलाय, हॅडॉक मोजलाय. माणूस कधी मोजला नाही."

कोल्ड स्टोरेजमध्ये एकदा टेरी लंब नावाचा पोऱ्या आत अडकला होता. बाहेर काढला तेव्हा असाच निळा, असाच थरथरत. त्याला गुंडाळून, चोळून तुझ्या डॅडने आणि बाकीच्या गड्यांनी जिवंत ठेवला. तेच केलं त्याने बेथला. आपली दोन्ही घोंगडी, गरम पाण्याची पिशवी, आणि बैठकीतली गॅसची शेगडी पूर्ण उघडून तिच्यापुढे. मांडीवर घेऊन बसला. मी दार उघडलं तेव्हा खोलीत पाऊल ठेववेना इतकी धग होती. आणि त्याच क्षणी तिचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं.

पुढचं तू जाणतेस. ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, तू लग्नाच्या कपड्यांत धावत आलीस, एका पायात बूट नव्हता. बेथ तोवर उठून बसली होती आणि ज्यूस मागत होती. आणि तू तिथल्या कॉरिडॉरमध्ये डॅडला म्हणालीस, "तू तिला भाजून काढलंस. माझ्या पोरीला भाजून काढलंस. एक साधा आकडा कळत नाही तुला? पुन्हा तिला तुझ्यापाशी ठेवणार नाही, मरेपर्यंत नाही."

तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं." बस्स, एवढंच. कोट घातला आणि बसस्टॉपवर जाऊन उभा राहिला.

त्या डॉक्टरीण बाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या की लहान मुलांना तापात असं होतं, हलके कपडे असते तरी झालं असतं, घोंगड्यांनी झटका येत नाही. तू ऐकलंस, पण तुझ्या आत ते शिरलं नाही. मला राग नाही गं त्याचा. स्वतःचं मूल तसं ताठ झालेलं ऐकल्यावर कुठल्या आईच्या डोक्यात काय शिरणार? त्या दिवशी तू काय वाटेल ते बोलली असतीस तरी मी माफ केलं असतं. माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे.

थांब, चहा घेऊन येते.

आले. इथला चहा म्हणजे कोमट पाण्याला दिलेली धमकी आहे.

"इथला" असं लिहून गेले. आता खोडत नाही. पुढे सांगते.

तर, ऑक्टोबरनंतर तुझा डॅड हवेबद्दल बोलायचा बंद झाला.

हसू नकोस. तुला आठवतंय ना, रोज सकाळी तो मागच्या दारातून जाऊन शेडवरचा काटा बघून यायचा आणि आपण कितीही झोपेत असलो तरी जिन्याखालून ओरडायचा. "उणे दोन! मोजे घाला!" जूनमध्ये, "पंचाहत्तर! उठा आळशांनो!" तू शाळेत सेल्सिअस शिकलीस आणि त्याला सुधारायला लागलीस. "डॅड, पंचाहत्तर नाही, चोवीस." तर म्हणायचा, "चोवीसात काय ऊन असतं? चोवीसात तर माणूस छत्री घेऊन निघतो!" आणि खरं सांग, तू तरी कुठे वेगळी झालीस? गेल्या जुलैत तूच फोनवर म्हणालीस, "मम्मी, नव्वद झालंय गं इथं, बेथ उघडीच फिरतेय." आणि डिसेंबरात तूच म्हणतेस, उणे तीन. आपली सगळीच माणसं अशी. गारठा वाढवून सांगायचा तर एक माप, उकाडा वाढवून सांगायचा तर दुसरं. कुणी ठरवलं नाही, पण सगळे तसंच करतात. फक्त तुझ्या डॅडला त्याची शिक्षा झाली.

ऑक्टोबरनंतर तो काट्याकडे गेला नाही. नोव्हेंबरात ऑड्रीने मला कुंपणाशी गाठलं. "डोरीन, क्लिफर्डचं काही बिनसलंय का? मी म्हटलं, काय बाई गारठा, तर नुसती मान हलवून गेला." तिचा चेहरा असा पडला होता की जणू मेल्याचीच बातमी देतेय. बसस्टॉपवर तेच, खाटकाकडे तेच. खाटीक म्हणाला, "बर्फ पडणार म्हणतात, मिस्टर ऑल्डर्सन." हा म्हणतो, "असेल. मला त्यातलं कळत नाही." मला त्यातलं कळत नाही! क्लिफर्ड ऑल्डर्सन! अख्खी गल्ली त्याला विचारून कपडे वाळत घालायची!

एकदा मी चिडून म्हटलं, "तुझं तोंड शिवलंय का? बाहेर किती आहे ते तरी सांग, मला कोट कोणता घालू कळेना."

"खिडकीतून बघ," म्हणाला.

"खिडकीतून आकडा दिसत नाही."

"आकड्यांचं माझ्याकडे नको, डोरीन. आकड्यांनी माझी पोरगी गेली."

बेथबद्दल बोलत नव्हता तो. तुझ्याबद्दल बोलत होता.

आणि ती शेगडी. ऑक्टोबरपासून बैठकीतली शेगडी त्याने पेटवली नाही, मला पेटवू दिली नाही. मी पेटवली की उठून स्वयंपाकघरात जाऊन बसायचा, दार लावून. जानेवारीत मी बाहेरून आले की तो ओव्हरकोट घालून खुर्चीत बसलेला असायचा, नाकाचा शेंडा लाल. भांडले मी. रडले. "तुला काय शिक्षा करून घ्यायचीय ती घे, मला कशाला गोठवतोस?" म्हटलं. तर दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी विजेचं घोंगडं घेऊन आला, आणि स्वतः तसाच कोटात. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, तूच सांग.

मग खोकला सुरू झाला. आधी कोरडा, मग ओला. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे, "ते ताप बघतील."

गिलियन, सुरुवातीला मी लिहिलं की आमचं बरं चाललंय. ते खरं नाही. डॅड माझ्या शेजारी झोपलाय हे खरं आहे, पण मी आपल्या घरी नाही. मी हलच्या हॉस्पिटलमध्ये, त्याच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेय. शनिवारी सकाळी तो बाथरूममधून बाहेर येताना खाली बसला तो उठेना. ॲम्ब्युलन्स बोलावली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे. आता समजलं ना पॅनकेक का केले नाहीत? इथं जेवणात दिला होता एक. त्याने लिंबूसुद्धा पाहिलं नाही.

आणि फोन का केला नाही, तेही ऐक. ॲम्ब्युलन्समध्ये तोंडावरचा मास्क ओढून तो मला म्हणाला, "गिलियनला फोन करायचा नाही. शपथ घे."

"वेडा आहेस का?"

"शपथ घे, डोरीन. मी आजारी आहे म्हणून ती येईल. मग तिला माझ्याशी बोलावंच लागेल. तसं नको मला. पोरीला कोंडीत पकडून कुणी माफी घेतो का?"

ॲम्ब्युलन्सचा माणूस त्याच्या नाकाशी नळ्या लावत होता, म्हणून मी घेतली शपथ. फोन करणार नाही म्हणाले. पत्राचं तो बोलला नाही, मीही आठवण करून दिली नाही. देवाने मला एवढी अक्कल दिली त्याबद्दल आभारी आहे.

रविवारी दुपारी त्याला ताप भरला. इथं मोरॅग नावाची स्कॉटिश नर्स आहे, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. तिने कानात यंत्र घातलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "एकोणचाळीस पॉइंट चार, मिस्टर ऑल्डर्सन! काय हे, भट्टी लावलीय की काय?"

त्याने मला तो दिवस सांगितला तेवढी वेळ सोडली, तर आपल्या घरात हा आकडा चार महिने कुणी उच्चारला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले. पण तो थरथरत होता, गिलियन. दात वाजत होते, हात धरला तर गार. "डोरीन, पांघरूण घाल गं," म्हणाला. मी उठले, आणि मोरॅगने उलट त्याच्या अंगावरचं पांघरूणच काढून घेतलं, नुसती चादर ठेवली.

"मला थंडी वाजतेय," तो म्हणाला. लहान मुलासारखा म्हणाला.

"वाजणारच हो," मोरॅग म्हणाली. "ताप चढताना थंडीच वाजते. अंग तापलेलं असतं आणि माणूस कुडकुडतो. खोटी नसते ती थंडी. पण पांघरूण नाही द्यायचं हं, लबाडी नाही करायची."

ती गेली. त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे पोरीला खरंच थंडी वाजत होती."

"हो रे."

"ती खोटं बोलत नव्हती. मी पण उगाच नाही केलं."

"नाही रे बाबा, कोण म्हणतं उगाच केलंस?"

"इतकी थंडी वाजते, डोरीन. इतकी. ती केवढीशी."

आणि तो रडला. त्याच्या आईला पुरलं त्या दिवसानंतर मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी चादरीखाली त्याचा हात धरून बसले. दुसरं करणार तरी काय, पांघरूण तर घालायचं नव्हतं.

आता तुला दोन शब्द सुनावते. आई आहे, तेवढा हक्क दे. तू म्हणालीस की त्याला साधा आकडा कळत नाही. नाही कळला. त्या यंत्रावर एकशे दोन दिसलं असतं ना, तर त्याने तिचे कपडे काढून, औषध पाजून, तुला त्या लग्नातून ओढून आणलं असतं. तुला गोवर झाला होता तेव्हा एकशे चार होता. मी हातपाय गाळून बसले होते, आणि हाच माणूस कामाला दांडी मारून सबंध दिवस तुझ्या कपाळावर ओली फडकी बदलत होता. त्यासाठी त्याचा पगार कापला गेला, हे तुला कुणी सांगितलं नाही कारण तो सांगू देत नाही. आकडा त्याला कळला नाही, पण पोरगी म्हणाली थंडी वाजते, आणि त्याने तिचं ऐकलं. त्याच्या जागी शंभर शिकलेली माणसं असती तर त्यांनी आकडा बघून तिला सांगितलं असतं, नाही गं, तुला थंडी वाजत नाहीये. त्याने चूक केली. मी ती झाकत नाही. पण तू चार महिने त्याला जी शिक्षा दिलीस, ती चुकीपेक्षा फार मोठी आहे. तू चुकलीस, गिलियन. हे लिहिलंय ते खोडणार नाही.

आणि तूही कुठल्या नरकातून गेलीस ते मला दिसतं. ऑक्टोबरपासून तू बेथला सर्दी झाली तरी जागी बसतेस, हे स्टुअर्टने मला सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस. मला वाटतं, तू डॅडवर रागावली नाहीसच. तू त्या दिवशी नाचायला गेली होतीस, यावर रागावली आहेस. गेलीस तर गेलीस! आजी-आजोबा असतात कशाला? पण तो राग स्वतःवर काढता येईना, म्हणून म्हाताऱ्यावर निघाला. माझं चुकत असेल तर तसं तोंडावर सांग. पण येऊन सांग.

आता सरळ लिहिते. डॉक्टर तरुण आहेत, सभ्य आहेत, डोळ्यांत बघून बोलतात. म्हणाले, औषध लागू पडायला हवं होतं तितकं पडत नाहीये, आज दुसरं सुरू केलंय, येते दोन दिवस महत्त्वाचे. मग विचारलं, "तुमची मुलं आहेत का?" मी म्हटलं, एक मुलगी. म्हणाले, "कळवलेलं बरं." त्यांनी तेवढंच म्हटलं, आणि तेवढं पुरे होतं.

कालपासून तापात तो बरळतो. मधूनच शुद्धीवर येतो, मोरॅगशी दोन शब्द बोलतो, पुन्हा जातो. गेला की तो त्या शनिवारच्या सोफ्यावर असतो. माझा हात धरतो आणि विचारतो, "पोरीची थंडी गेली का गं?" मी म्हणते, "गेली हो, केव्हाच गेली, मस्त खेळतेय." तो मान हलवतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. "थंडी गेली का?" आज सकाळपासून त्याला किती वेळा सांगितलं, ते मी मोजलेलं नाही. त्याला पटत नाही. लग्नाला पन्नास वर्षं होतील, मी खोटं कधी बोलते हे त्याला झोपेतही कळतं, आणि बेथ आता कशी आहे हे मला कुठे नीट ठाऊक आहे? चार महिन्यांत मी तिला पाहिलेलं नाही.

खाली दारात पोस्टाची पेटी आहे, पाचला उघडतात. पहिल्या वर्गाचं टपाल तिकीट लावतेय, म्हणजे उद्या तुझ्या दारात पडेल. ब्रिस्टलहून गाडी धरलीस तर संध्याकाळच्या आत पोचशील. यायला जमलं नाही तरी वॉर्डाचा फोन नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. मी तुला फोन न करण्याची शपथ घेतलीय, तू त्याला न करण्याची घेतलेली नाहीस. मोरॅग म्हणाली, ती फोन त्याच्या कानाशी धरेल. माफी मागू नकोस, मागायला लावू नकोस, ऑक्टोबर काढू नकोस. ते सगळं तो बरा झाल्यावर, दोघांनी एकमेकांच्या नरड्याला लागून भांडा हवं तर, मी चहा करून देईन.

आत्ता त्याने पुन्हा विचारलं, "थंडी गेली का?"

या खेपेला मी उत्तर दिलं नाही, गिलियन. म्हटलं, थांब, गिलियनला विचारून सांगते.

तर विचारतेय. आणि त्याच्याजवळ बसून तुझ्या उत्तराची वाट बघतेय.

तुझी,
मम्मी